स्टूल काढा, चाचा

बाईंना मी शेवटचं स्वारगेटला सोडलं तेव्हा त्यांच्याबरोबर दोन बॅगा, एक छत्री आणि गुडघेदुखी होती. बहिणीकडे साताऱ्याला कायमच्या राहायला चालल्या होत्या. मी रिक्षा स्टँडच्या दाराशी लावली, डिकीतून ते बुटकं लाकडी स्टूल काढून त्यांच्या पायाशी ठेवलं आणि विचारलं, "बाई, हात देऊ का?"

बाईंनी माझ्या हाताकडे पाहिलं, स्टुलाकडे पाहिलं, स्वतःच्या गुडघ्याकडे पाहिलं. "नको," म्हणाल्या. आणि दांडी धरून, तोंड वाकडं करत स्वतःच उतरल्या.

मी म्हटलं, "बरं."

"आता जमायला लागलं," बाई म्हणाल्या. सहा वर्षांत त्यांनी माझं केलेलं हे एकुलतं एक कौतुक. गुडघ्याला म्हणाल्या असतील तर तेही नाही.

सहा वर्षं मी बाईंच्या बालवाडीची मुलं नेली-आणली. पण बाई मला कळल्या असं म्हटलं तर ते खोटं होईल. तीस वर्षं रिक्षा चालवतोय. आरटीओ, ट्रॅफिकवाले आणि सुट्ट्या पैशांवरून भांडणारी गिऱ्हाइकं यांनी मिळून दिला नसेल एवढा डोक्याला ताप या एका बाईनं दिला. आणि आता त्या नाहीत तर चुकल्यासारखं होतं, हे अजून वेगळंच.

बालवाडी कोथरूडला, एका बंगल्याच्या तळमजल्यावर. चाळीसेक मुलं, दोन शिक्षिका, एक मावशी आणि या मुख्य बाई. साठी उलटलेली, अंगानं काटकुळ्या, सुती साडी आणि साडीखाली पांढरे पळायचे बूट. मुलं मला चाचा म्हणायची, म्हणून माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठ्या असून बाईपण मला चाचाच म्हणायच्या. फाटकावर पाटी होती, 'मुलांचे गाल ओढू नयेत. फारच इच्छा झाल्यास स्वतःचे ओढावेत.' पुण्यात पाट्या काय कमी आहेत? मी ती वाचली, आत गेलो, आणि पहिल्याच दिवशी फाटकात रडत असलेल्या एका पोराला उचलून कडेवर घेतलं.

"खाली ठेवा," मागून आवाज आला.

ठेवलं.

"त्याला विचारलं होतंत?"

"काय विचारायचं बाई? रडतोय तो."

"रडणारा माणूस बहिरा नसतो," बाई म्हणाल्या. मग त्या पोरापासून हातभर लांब उकिडव्या बसल्या आणि हवेतच बोटाच्या पेरानं ठोकलं. टक टक. दारावर ठोकतात तसं. "आत येऊ का?"

पोरगं रडायचं थांबलं. बाई कुठल्या दारावर ठोकतायत ते त्याला कळेना. मलाही कळेना. मग त्यानं मान हलवली, नाही म्हणून. "बरं," म्हणाल्या बाई, आणि तिथेच बसून राहिल्या. मला उशीर होत होता म्हणून मी घड्याळ बघत होतो. दहा मिनिटांनी पोरगं उठलं आणि आपण होऊन बाईंच्या मांडीत जाऊन बसलं.

ही टकटक सगळ्याला. बुटाची नाडी बांधायची, टक टक. केसातलं गवत काढायचं, टक टक. एकदा एका मुलाचा शेंबूड पार ओठावर आलेला आणि बाई रुमाल धरून समोर उभ्या, कारण मूल 'नको' म्हणालं होतं. त्याची आई म्हणाली, "अहो पुसा ना बाई, तीन वर्षांचा आहे तो, त्याला काय कळतंय?"

"नाक आपलं आहे एवढं कळतंय. बाकीचं कळेल हळूहळू."

आणि हीच बाई, एकदा एक पोरगी फाटकातून थेट रस्त्यावर धावली तेव्हा, टकटक-बिकटक काही न करता अशी झेपावली की साडी फाटली. दंडाला धरून मागे ओढली तिला. मग रस्त्याच्या कडेला मातीत बसून त्या पोरीची माफी मागितली. "विचारायला वेळ नव्हता. गाडी येत होती. तुम्हाला लागलं का?" तीन वर्षांच्या पोरीला तुम्ही! पोरगी फुशारून म्हणाली, "नाही लागलं." आम्ही सगळे बघत उभे. ही बाई शहाणी की वेडी यावर मावशीची आणि माझी त्या दिवशी चहावर पैज लागली. ती पैज अजून सुटलेली नाही.

आता स्टुलाचं सांगतो. रिक्षाची पायरी लहान मुलांना उंच पडते. मी आपला एकेकाला बगलेत हात घालून उचलायचो आणि आत ठेवायचो. सहा मुलं, दोन मिनिटं, खेळ खलास. आठवड्याच्या आत बाईंनी ते बंद केलं. सुताराकडून एक बुटकं स्टूल करून घेतलं, चारी कोपरे घासून गोल केलेले, आणि माझ्या हातात दिलं. "मुलं आपली आपण चढतील. तुम्ही बाजूला उभे राहा. पडायला लागलं तर धरा, नाहीतर हात मागे."

दोन मिनिटांची अकरा मिनिटं झाली. एक चढायचा, एकाला परत उतरून चढायचं असायचं, एकीला स्टुलावर उभं राहून गाणं म्हणायचं असायचं. मागे गाड्यांचे हॉर्न. खिशातून लिमलेटची गोळी द्यायचो, तीपण बंद. "द्यायची तर आईच्या देखत द्या. आणि 'कुणाला सांगू नको' हे शब्द लाडानंसुद्धा बोलायचे नाहीत." मी कधी बोललो होतो तसं? असेन बोललो. एकाला जास्तीची गोळी दिली की बोलतोच माणूस.

खरं सांगायचं तर मला लागलं ते. माझी दोन पोरं या हातांवर मोठी झाली. गल्लीतली पोरं माझ्या खांद्यावर बसून ईदच्या नमाजाला गेली. आणि इथे हात मागे? घरी बायकोला सांगितलं. आम्ही घरी आमच्या बोलीत बोलतो, पण तिला टोमणा मारायचा असला की ती मराठीत येते, मराठीत बरोबर बसतो म्हणते. "बाईंनी स्टूल दिलंय ना? मग काढायचं आणि ठेवायचं. तुमच्या हातांना काय सोनं लागलंय?"

पण माझ्या मनात दुसरंच होतं. दांडेकर पुलापाशी आमची ही तिसरी पिढी. तरी सोसायटीत रिक्षा घातली की वॉचमन नाव विचारतो आणि नाव ऐकून परत एकदा तोंडाकडे बघतो. त्याची सवय झालीय, त्याचं काही नाही. पण बाईसुद्धा त्यातल्याच की काय, हे मला आतून कुरतडायला लागलं. शेवटी म्हटलं ताकाला जाऊन भांडं कशाला लपवा. शाळा सुटल्यावर गाठलं त्यांना आणि सरळ विचारलं, "बाई, तुमचा माझ्यावर संशय आहे का?"

बाई खडूचे तुकडे डब्यात भरत होत्या. "आहे," म्हणाल्या. आणि डबा घेऊन आत गेल्या.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. रात्री जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी काम सोडायचंच असं ठरवून गेलो, तर बाई फाटकातच उभ्या. माझ्या हातात किल्ली ठेवली. "दिवाळीच्या सुट्टीत मी गावाला जातेय. एक किल्ली तुमच्याकडे असू दे. कुंड्यांना पाणी घाला, आणि माझ्या कपाटातला फराळाचा डबा घरी न्या, तुमच्या मंडळींसाठी आहे." शाळेची किल्ली! ज्याच्यावर संशय त्याला! मी किल्ली घेऊन उभा. राग येईना, सोडूनही जाता येईना. चकल्या मात्र बायकोला आवडल्या.

बाई सगळ्यांशीच अशा. एकदा स्नेहसंमेलनाला एक नगरसेवक पाहुणे आले. फोटोवाल्यानं सांगितलं, साहेब, एखादं मूल मांडीवर घ्या. साहेबांनी पहिल्या रांगेतल्या मुलीला उचलायला हात पुढे केले तर मध्ये बाई. "विचारून घ्या." साहेब हसले, म्हणाले, येतेस का बाळ? बाळ म्हणालं नाही. दुसऱ्याला विचारलं, नाही. अशी सहा मुलं झाली. बाईंच्या शाळेत 'नाही' म्हणायचा सराव चांगला होता. शेवटी साहेबांनी हात जोडून उभ्याउभ्याच फोटो काढला आणि जाताना मला, मी दाराशी होतो म्हणून, म्हणाले, "मतदार परवडले हो."

आणखी एकदा कुठल्याशा संस्थेची दोन तरुण माणसं आली. चांगली होती. बाहुली आणली होती, चित्रं आणली होती. शरीराचे कुठले भाग आपले खासगी, कुणी हात लावला तर मोठ्यानं नाही म्हणायचं, तिथून पळायचं, विश्वासाच्या माणसाला सांगायचं, हे सगळं मुलांना छान गाण्यातून शिकवलं. बाई मागे उभ्या राहून ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "उत्तम. मुलांचा तास झाला. आता मोठ्यांचा घेऊ."

"मोठ्यांचा आमच्याकडे नाहीये, मॅडम," त्यातली मुलगी म्हणाली.

"तेच म्हणते मी. दीड फुटाच्या पोरानं पळायचं, ओरडायचं, स्वतःची राखण करायची. मग आपण सगळे कशाला आहोत? चहाला?"

आणि त्यांनी तास घेतला. त्या शनिवारी झाडून सगळ्या आयांना, बापांना, आजी-आजोबांना, मावशीला आणि मला त्या वीतभर खुर्च्यांवर बसवलं. गुडघे हनुवटीला. परीक्षा अशी, की समोर एक मूल येणार. त्याला विचारायचं, मी तुझा हात धरू का? मूल नाही म्हणणार. आपण म्हणायचं, "बरं." बस्स. चेहरा न पाडता.

सोपं वाटतं ना? एक आजी म्हणाल्या, "असं नाही म्हणू नये सोन्या, आजीला वाईट वाटतं." नापास. एक बाप, मोठ्या कंपनीत मॅनेजर, म्हणाला, "व्हाय? का पण?" नापास. एक आजोबा म्हणाले, "बरं, मग चॉकलेट पण नाही." बाईंनी त्यांना दोनदा नापास केलं. माझी पाळी आली. मी "बरं" म्हणालो, नीट म्हणालो.

"चेहरा पडला," बाई म्हणाल्या. "पुन्हा."

तीनदा नापास झालो मी. आयुष्यात 'बरं' म्हणता येत नाही हे छप्पन्नाव्या वर्षी कळलं.

बाई अशा का, याचे लोक तर्क करायचे. कुणी म्हणायचं लहानपणी काहीतरी झालं असणार. मी एकदा मावशीला विचारलं तर ती म्हणाली, काही व्हायलाच लागतं का? ताप यायच्या आधी पाणी उकळून पिणारी माणसं नसतात? मला ते पटलं. अर्धंच पटलं. माझ्यावरचा संशय त्यात कुठे बसतो ते कळत नव्हतं.

आता सईचं सांगतो. पाचव्या वर्षाची गोष्ट. हे सांगताना मला माझीच लाज वाटते, पण ते सोडून बाईंचं काही सांगण्यात अर्थ नाही.

सई चार वर्षांची. एका सोसायटीत चार मुलं उतरायची, त्यात ती. तिघांच्या आया फाटकाशी उभ्या असायच्या. सईची आई कंपनीत, घरी येईपर्यंत तीन वाजायचे. वडील कामानिमित्त परगावी. वर घरात आजी, पण त्यांना जिना उतरवत नव्हता आणि लिफ्ट निम्मा वेळ बंद. म्हणून सईला घ्यायला त्याच इमारतीतले एक गृहस्थ यायचे. सोसायटीचं सगळं तेच बघायचे, टँकर, पार्सलं, सगळ्यांच्या घरांच्या जादा किल्ल्या. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. हसतमुख माणूस. मला पाण्याची बाटली भरून द्यायचे.

पहिल्या दिवसापासून अण्णा स्टुलाला हसायचे. "काय हे चाचा, सिंहासन?" म्हणायचे आणि सईला थेट आतून उचलायचे. ती 'नको' म्हणायची, पाय झाडायची. ते म्हणायचे, "नखरे बघा!" आम्ही सगळे हसायचो. पुढे एक दिवस म्हणाले, "ते स्टूल इथे काढू नका, फाटकात अडचण होते, गाड्या अडतात." मी काढायचं बंद केलं. माझा काय संबंध? सोसायटी त्यांची. आणि खोटं कशाला बोलू, माझाही वेळ वाचत होता.

सई मात्र रोज म्हणायला लागली, "चाचा, स्टूल काढा." मी म्हणायचो, "इथे नाही गं काढायचं, अण्णा रागावतात." दुसऱ्या दिवशी पुन्हा. "चाचा, स्टूल काढा ना." मला वाटलं पोरीचा हट्ट आहे. मुलांना त्या स्टुलाचं वेडच होतं.

यातच सईच्या आजींचे फोन सुरू झाले. "चाचा, आजपण उशीर? एक वाजला की हो." मी म्हणायचो, आजी, साडेबाराला सोडलीय मी, घड्याळ बघा तुमचं. पुन्हा दोन दिवसांनी तेच. तीन आठवडे हे चाललं. माझं डोकं फिरलं. माणसानं मला काहीही म्हणावं, पण उशीर? तीस वर्षांत माझ्या रिक्षाची वेळ चुकलेली नाही. शेवटी एका सकाळी मी तक्रार घेऊनच बाईंकडे गेलो.

"बाई, त्या सईच्या आजींना समजवा. नाहक बदनामी करतायत माझी."

"तुम्ही किती वाजता सोडता?"

"साडेबारा. ठोक्याला. विचारा कुणालाही."

"आणि ती वर किती वाजता पोचते?"

"आजी म्हणतात एक. घड्याळ पुढे असणार त्यांचं, दुसरं काय."

बाईंनी हळू विचारलं, "मधला अर्धा तास ती कुणाकडे असते, चाचा?"

तीन आठवडे मी माझ्या वेळेचा हिशेब देत फिरत होतो. पोरीचा अर्धा तास माझ्या डोक्यात आलाच नव्हता.

"स्टूल काढता ना तिथे?"

"नाही बाई. अण्णांनी नको सांगितलंय."

"आणि सई काय म्हणते?"

"ती रोज म्हणते, चाचा, स्टूल काढा."

बाई खाली बसल्या. मुलांच्या त्या वीतभर खुर्चीवर. मग उठून त्यांनी आधी सईच्या आईला ऑफिसात फोन लावला. सईला त्यांनी काहीसुद्धा विचारलं नाही. तिच्याबरोबर मातीचे लाडू वळत बसल्या.

त्या दुपारी बाई माझ्या रिक्षात बसल्या, मागे मुलांच्या गर्दीत, स्टूल मांडीवर घेऊन. सोसायटीच्या फाटकाशी मी थांबलो. बाई उतरल्या, स्टूल पायरीशी ठेवलं आणि बाजूला झाल्या. तीन मुलं उतरून आयांकडे गेली. अण्णा पुढे आले, नेहमीसारखे हसत, हात पुढे करून.

"विचारून," बाई म्हणाल्या.

"अहो बाई, तिला मी पाळण्यात असल्यापासून ओळखतो."

"मग उत्तरही ओळखीचं असेल. विचारा."

अण्णांनी विचारलं नाही. हसू गेलं त्यांचं. इकडे तिकडे पाहिलं. त्या तिघी आया अजून तिथेच होत्या. मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "माझ्यावर संशय घेता? आणि पोरं कुणाबरोबर पाठवता ते बघा आधी. कोण, कुठला हा माणूस!"

चोर सोडून संन्याशाला फाशी, वाटलं, आता हे सगळं माझ्यावर येणार. बाईंचा आवाज चढला नाही. म्हणाल्या, "यांच्यावर संशय आहेच माझा. पाच वर्षं रोज घेतेय. माझ्या शिक्षिकांवर घेते, मावशीवर घेते, स्वतःवर घेते. आणि पाच वर्षं हा माणूस माझ्या शाळेच्या दारात रोज रिक्षा थांबवतो, खाली उतरतो, स्टूल काढतो आणि हात मागे घेतो. तुम्हाला एक दिवस नुसतं 'विचारा' म्हटलं तर केवढा राग आला."

मग त्यांनी रिक्षात डोकावून टक टक केलं. सई आत कोपऱ्यात होती. ती उठली, स्टुलावर पाय ठेवला, उतरली आणि बाईंचा पदर धरला. दोघी अण्णांच्या शेजारून वर गेल्या.

मी बाईंना न्यायला तीनला परत गेलो. सईची आई फोन आल्यावर लवकर आली होती, जिन्यात बसलेली. सईनं तिला सांगितलं होतं. काय ते मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. अण्णांच्या घरातला तो अर्धा तास होता, एवढं पुरे आहे. आई सारखी एकच म्हणत होती, "मी सगळं शिकवलं होतं बाई. नाही म्हण, ओरड, पळ, मला सांग. ती ओरडली का नाही?"

"ती म्हणाली होती," बाई म्हणाल्या. "'नको' म्हणाली. मग स्टूल मागितलं, रोज मागितलं. तिनं तिचं काम केलं होतं. आपल्याला ऐकू आलं नाही."

आपल्याला, म्हणाल्या. 'चाचांना' म्हणायला हवं होतं. मी वाट बघत राहिलो, आज बोलतील, उद्या बोलतील. एका शब्दानं बोलल्या नाहीत. तसं का, हे मला समजत नाही. बोलल्या असत्या तर थोडं हलकं तरी झालं असतं.

पोलीस चौकीत बाई त्या माउलीबरोबर गेल्या, मीही गेलो. माझा जबाब झाला. साहेबांनी विचारलं, मुलीला किती वाजता सोडायचात? मी म्हटलं, साडेबारा, ठोक्याला. त्यांनी ते लिहून घेतलं. माझ्या वक्तशीरपणाची लेखी नोंद आयुष्यात पहिल्यांदा झाली आणि मला मान वर करवेना. सोसायटीतल्या काहींनी बाईंना आगाऊ म्हटलं, देवमाणसाला बदनाम केलं म्हटलं. दोन घरांनी मुलं काढून घेतली. केस चालू आहे, तारखा पडतात. अण्णांच्या दाराला कुलूप आहे.

त्यानंतर एका दुपारी बाईंना मी विचारलं, "बाई, माझ्यावर संशय अजून आहे का?"

"आहे," म्हणाल्या. "नियम चांगल्या माणसांनीच आधी पाळायचा असतो चाचा. म्हणजे जो पाळत नाही तो लांबून दिसतो." आणि खडूचा डबा घेऊन आत गेल्या. त्या दिवशी मी घरी जाऊन पोटभर जेवलो. ज्या शब्दानं एकदा उपाशी ठेवलं त्याच शब्दानं हे, बायकोला काही ते समजावून सांगता आलं नाही.

पुढच्या वर्षी बाई साताऱ्याला गेल्या. बालवाडी आता दुसरं कुणी चालवतं, मुलांना बस आहे. स्टूल माझ्या डिकीतच राहिलं. गिऱ्हाइकं विचारतात हे कशाला, मी सांगत नाही.

गेल्या महिन्यात भर दुपारी एका वळणावर एका बाईनं हात केला. मी थांबलो तर सईची आई, आणि बरोबर सई. ओळखूच आली नाही. आठ वर्षांची झाली, लांब लांब पाय, पाठीला दप्तर. नवीन घर घेतलंय म्हणाल्या आई, तिकडेच सोडा. आई आत बसली. सई बाहेरच उभी.

"चाचा, स्टूल आहे अजून?"

"आहे की."

"मला आता लागत नाही," ती म्हणाली. "पण काढा."

"बरं," मी म्हटलं. खाली उतरलो, स्टूल काढून ठेवलं आणि हात मागे घेऊन बाजूला उभा राहिलो.